गाडीबरोबरचं सामान

उमरगा,
३ ऑगस्ट १९६४

प्रिय नसीम,

नंबर लागला. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले, म्हणून सुरुवात अशी एकदम करते आहे. सोलापूरच्या 'कल्याणप्पा मोटर्स'चं कार्ड आलं. एकसष्ट साली नोंदवलेली आपली गाडी दोन महिन्यांत देता येईल, दुकानी येऊन भेटावे. तीन वर्षं, नसीम. तेवढ्यात माझ्या दवाखान्यात नऊशेच्या वर मुलं जन्मली, त्यातली पहिली आता अंगणात पळतात, पण मद्रासहून एक गाडी काही निघत नव्हती.

कार्डावरचं अक्षर गफारभाईंचं, ते मी लगेच ओळखलं. तुझा नवरा त्या दुकानात मुनीम आहे याचा मला केवढा आधार वाटतो.

गाडी तीच, दोन दारांची, टप मागे दुमडता येणारी. इथे सगळे मला वेड्यात काढतात. तहसीलदार म्हणाले, "डॉक्टरीणबाई, खेड्यापाड्यांत फिरता, नवी जीप घ्या." खेड्यांसाठी माझी जुनी जीप आहेच, ती अजून दहा वर्षं कुरकुरत चालेल. कोंडाबाई, माझ्याबरोबर वीस वर्षं बाळंतपणं करणारी, ती तर म्हणाली, "बिनटपाची गाडी म्हंजी बिनझाकणाचं गाडगंच की वो बाई. पैसं लई झाल्यात का?"

तिला काय सांगू? कॉन्व्हेंटच्या फाटकासमोर ती लाल गाडी उभी राहायची, आणि आपण दोघी बाकावर चढून भिंतीवरून बघायचो, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार? गाडी कुणाची होती तेसुद्धा आता आठवत नाही. तिच्या दाराला पायरी होती आणि तीवर कधी धूळ नसायची, एवढं आठवतं.

आता खरी गोष्ट. सिस्टर बर्नार्ड डिसेंबरात कायमच्या त्यांच्या देशी परत चालल्या आहेत. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. पंधरा तारखेला सिकंदराबादला शाळेत निरोपाचा कार्यक्रम आहे आणि त्यांनी आपल्या दोघींची नावं घेऊन बोलावलं आहे. गाडी आली की मी सोलापूरला येईन, तुला घेईन आणि उमरग्यावरून थेट सिकंदराबाद. अठ्ठेचाळीस सालानंतर तू नळदुर्गच्या पुढे आलेली नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण टप उघडा टाकून, माझ्या शेजारी बसून तू तुझ्या अब्बांच्या या गावातून जावंस असं मला फार वाटतं. गाडी मी त्यासाठीच घेते आहे असं म्हटलं तरी चालेल.

गफारभाईंना विचारून कळव, दुकानात कधी जाऊ?

तुझी,
लीला


सोलापूर,
११ ऑगस्ट १९६४

अजीज लीला,

सलाम. तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी मग पुन्हा एकटीनं वाचलं. माझ्या मराठीच्या चुका काढू नकोस. घरात आमची दखनी, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, मराठी आता फक्त तुला लिहिण्यापुरती उरली आहे.

मी येईन. लिहून टाकलं, आता खोडणार नाही. तीन रात्री झोप नाही. उमरग्याचं नाव निघालं की अजून मी बोलणं दुसरीकडं वळवते, पण तुझ्या शेजारी बसले असेन तर रस्त्यावरून तरी जाईन. उतरायला लावू नकोस.

दुकानात वीस तारखेच्या सुमारास जा. एक आधी सांगून ठेवते. त्या दुकानात गाडी नुसती मिळत नाही. तिच्याबरोबर थोडं सामान घ्यावं लागतं. सीटच्या खोळी, जादा हॉर्न, रेडिओ, असलं काहीबाही. शिवाय थोडे वरचे पैसे, पावतीशिवायचे. वर्षाला गाड्या येतात चार आणि नंबर लावून बसलेत चाळीस, मग तो अडवणारच. सगळेच देतात. तू तुझ्या स्वभावाप्रमाणे तिथं उभी राहून कायदा काढू नकोस. बाकीचं सामान थोडं कमी होतंय का ते बघायला मी ह्यांना सांगते. खोळी मात्र घेच. नव्या सीटा आपल्याकडच्या उन्हात तडकतात.

तुला रंग कोणता आवडतो? सहज विचारते.

आमच्या लेकीचं, अजीजाचं, ट्रेनिंग कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढल्या उन्हाळ्यात मास्तरीण होईल, इन्शाअल्ला.

तुझी,
नसीम


उमरगा,
२२ ऑगस्ट १९६४

प्रिय नसीम,

परवा दुकानात जाऊन आले. तुझ्याकडे येणार होते, पण डोकं इतकं तापलं होतं की सरळ स्टँडवर गेले आणि पहिली एस.टी. पकडली. रागावू नकोस.

कल्याणप्पा दारापर्यंत आला. "या डॉक्टरीणबाई, बसा, पंख्याखाली बसा." चहा आला, सरबत आलं. गाडी मात्र दिसेना. मग त्यानं गफारभाईंच्या हातून एक कागद घेतला आणि वाचायला लागला. जादा हॉर्न दोन. रेडिओ एक. धुक्यातला दिवा एक. मी म्हटलं, उमरग्याला धुकं कधी पडलं? तो म्हणाला, "पडलं तर काय करताव?" मग छपरावरचं कॅरिअर.

"कल्याणप्पा," मी म्हटलं, "या गाडीला छप्परच नाही. कॅरिअर बसवणार कशावर?"

"तवा तर सुटं देतो की बाई. घरी ठेवा. सांडगे-पापड वाळवायला बरं पडतंय."

माझ्या शेजारी तुळजापूरचे एक भोपे बसले होते, देवीच्या पुजाऱ्यांपैकी. तेही नंबरासाठीच आले होते. मला हळूच म्हणाले, "घ्या मुकाट, बाई. मी मागल्या वेळी दोन रेडिओ घेतले. नवी गाडी देवीसमोर उभी राहिली म्हणजे झालं. तो काय गळ्यात मारतो ते बघत बसायचं नाही."

आणि मग खोळी. हिरव्यागार रेक्झिनच्या, त्याला पिवळी किनार. एक उचलून बघितली तर टाका एक इकडे, एक तिकडे. मी मोठ्यानं विचारलं, "या कुणी शिवल्या? बैलाच्या झुली शिवणाऱ्यानं?" दुकानातले सगळे हसले. कल्याणप्पासुद्धा हसला. तुझे गफारभाई तेवढे वहीत मान घालून लिहीत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. मला जरा लागलं. ओळखीच्या माणसानं निदान हसावं तरी.

सगळ्याच्या वर दोन हजार रुपये, पावतीशिवाय. मी उठले. त्याला सांगितलं, कंपनीची किंमत घ्या आणि गाडी द्या, नाहीतर मी मुंबईला मोटार कंट्रोलरकडे लिहिते. तो हात जोडून म्हणाला, "लिवा की. तुमचा नंबर हायच, गाडी कधी येतीया ते आमच्या हातात."

नसीम, हा तीन वर्षांपूर्वी नोंदवलेला माझा नंबर आहे. मी आयुष्यात एवढी एकच हौस केली. ती चोरासारखी पैसे सरकवून करायची? मी तक्रार करणार. तू रंग विचारला होतास. कुठलाच नको.

तुझी,
लीला


सोलापूर,
२७ ऑगस्ट १९६४

लीला,

तक्रार करू नकोस. हे पत्र मिळेपर्यंत लिहिली असशील तर टाकू नकोस.

दोन महिने कळ काढ. गाडी ताब्यात घे, आपण सिकंदराबादला जाऊन येऊ, मग तुला कुणावर काय लिहायचं ते लिही. कॅरिअर नको म्हणालीस, ह्यांनी ते यादीतून काढलं आहे. रेडिओही काढतील. खोळी तेवढ्या राहू दे. टांगून ठेवलेल्या एका नमुन्यावरून सगळ्यांना नावं ठेवणं बरोबर नाही. चांगल्या शिवलेल्याही असतात.

ह्यांची नोकरी त्या दुकानात आहे एवढं तरी ध्यानात ठेव.

नसीम


उमरगा,
४ सप्टेंबर १९६४

प्रिय नसीम,

तुझं पत्र आलं तेव्हा तक्रार पोस्टात पडून दोन दिवस झाले होते. रजिस्टर केली आहे आणि एक प्रत सोलापूरच्या सप्लाय इन्स्पेक्टरला. गफारभाईंचं नाव कुठेही नाही, तेवढी अक्कल मला आहे. यादीतली एकेक वस्तू मी लिहिली. खोळींबद्दल तर अर्धं पान.

खरं सांगू, तुझ्या पत्राचं मला वाईट वाटलं. तू अशी कधीपासून झालीस? हिशेबाच्या तासाला सिस्टर बर्नार्डनी दुसऱ्या मुलीला उगाच शिक्षा केली तेव्हा उभं राहून "हे बरोबर नाही" म्हणणारी तू होतीस. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. धैर्य म्हणजे काय ते मी तुझ्याकडे बघून शिकले, आणि आता तू मला शिकवतेस की सगळेच देतात, तूही दे. एका खोळीसाठी एवढी रदबदली. त्या खोळी काय तुझ्या माहेरून आल्यात?

सोलापूरनं तुला भित्री केली. रागावलीस तर रागावलीस, पण उत्तर लिही.

तुझी,
लीला


सोलापूर,
२६ सप्टेंबर १९६४

ती. डॉक्टरीणबाई साहेब यांसी, कल्याणप्पाचे शरणु शरणार्थी.

आपल्या तक्रारीवरून इन्स्पेक्टर साहेब गुरुवारी दुकानी येऊन गेले. चार तास बसले. आम्ही जे होते ते दाखवले. आपण मोठ्या माणसांची मुलगी, शिकलेल्या, आपला राग आम्ही आशीर्वाद समजतो.

तरी कळविण्यास आनंद होतो की आपली गाडी कंपनीच्या किमतीत, बिनसामानाची, दि. १८ ऑक्टोबरला मिळेल. कसलेही जादा नाही. यापुढे या दुकानात गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय एक हॉर्नसुद्धा विकायचा नाही असे आम्ही लिहून दिले आहे.

खोळींचे काम त्याच दिवशी बंद केले. शिवणाऱ्या बाईला रेक्झिनचे उरलेले गठ्ठे परत आणायला सांगितले. आपणास ठाऊक असेलच, त्या आमच्या गफारमियांच्या घरातल्या. आठ वर्षे शिवत होत्या. मियांचे वय झाले, वहीतली ओळ चुकते, तरी घरातून खोळी वेळेवर यायच्या म्हणून आम्ही निभावून घेत होतो. आता बघू.

आपण त्या दिवशी झुली म्हणालात, फार हसलो. मियांना मी म्हटले, घरी सांगू नका.

आपला नम्र,
कल्याणप्पा


उमरगा,
२९ सप्टेंबर १९६४

नसीम,

कल्याणप्पाचं पत्र काल आलं. ते मी दवाखान्यात, दोन बाळंतिणींच्या मधे उभी राहून वाचलं. नंतर मला हात धुवायचेही सुचेना. कोंडाबाईनं पाणी आणून घातलं.

तुझं उत्तर का नाही, याची मी महिनाभर कारणं शोधत होते. पोस्टाचा घोळ असेल, अजीजाची परीक्षा असेल. हे कारण मला सुचलं नाही.

मी ती खोळ हातात धरली होती. चौथीत, पाचवीत, सहावीत शिवणकामाचे माझे सगळे नमुने तू करून दिलेस. सिस्टर बर्नार्ड माझ्या नावापुढे "उत्तम" लिहायच्या तो टाका तुझा होता. आणि मी तोच टाका भरल्या दुकानात वर धरून विचारलं, कुणी शिवला. तुझ्या नवऱ्यासमोर.

त्यांनी घरी सांगितलं का? सांगितलं नसेल तर हे पत्र फाडून टाक. सांगितलं असेल तर निदान मला शिव्या दे. तू मला का नाही सांगितलंस? एक ओळ लिहिली असतीस तर मी दहा सेट घेतले असते.

गाडी नको मला. मी तक्रार मागे घेते. कल्याणप्पाला लिहिते, खोळी पुन्हा सुरू करा, रेडिओ, कॅरिअर, सगळं घेते. पण तू एक कार्ड तरी टाक. इथे मला एका जागी बसवत नाही. फेऱ्या घालते तर कोंडाबाई म्हणते, "बाई, वाव्हर कशाला घालताव, कुणी अडलंय का?"

लीला


सोलापूर,
१४ ऑक्टोबर १९६४

लीला,

तुझी दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू तक्रार मागे घेते म्हणालीस म्हणून लिहिते. ते करू नकोस. केलंस तर मात्र मी खरंच पुन्हा लिहिणार नाही.

ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं. जेवताना, हसत. म्हणाले, तुझ्या मैत्रिणीची जीभ अजून कात्रीसारखी आहे. मीही हसले. मग भांडी घासायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

तू विचारतेस, का नाही सांगितलं. तूच लिहिलंस की, सांगितलं असतंस तर दहा सेट घेतले असते. म्हणून नाही सांगितलं. लीला, तुझ्या घरातून मी कधी काही घेतलं नाही असं नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या पंधरा दिवसांत आमची सगळी माणसं तुझ्या दवाखान्यात खाटांखाली राहिली. तू पांढऱ्या कोटात दारात खुर्ची टाकून बसली होतीस. त्याचं देणं कुठल्या खोळीनं फिटणार? तुझ्याकडून आणखी दया नको होती, एवढंच.

आता माझी लबाडी ऐक. तुझ्या गाडीचा सेट मी जूनमध्येच शिवून ठेवला होता, नंबर लागायचा आहे हे ह्यांच्याकडून कळलं तेव्हाच. रेक्झिन नाही, मी स्वतः आणलेलं जाड सुती कापड, इथल्याच मागावरचं. किनार तेवढी राहिली होती, म्हणून तुला रंग विचारला. मला वाटलं, तू बाकीच्यांसारखी कुरकुरत घेशील, मी दुकानात हा सेट ठेवायला लावीन, आणि त्यावर बसून आपण सिकंदराबादला जाऊ. तुला कधीच कळणार नाही. मी मात्र सगळ्या वाटेनं मनात हसत बसेन. त्याचे पैसेही मी कल्याणप्पाकडून घेणार होते, म्हणजे शेवटी तुझ्याचकडून. बघ, दया नको म्हणणारी बाई मैत्रिणीला खोळ विकायला निघाली होती.

तू लिहिलंस ते एकही वाक्य खोटं नव्हतं, तेच माझं दुखणं आहे. टाके वाकडे होते. स्कूटर असो की ट्रॅक्टर, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला कल्याणप्पा आठवड्याला पाच सेट मागायचा, रेक्झिन मशीनखाली सरकतं, मी कशीबशी कड मारून पाठवायची. तो लुटतो हेही खरं. मागच्या साली एका मास्तरांनी स्कूटरबरोबर दोन खोळी घेतल्या, स्कूटरला बसतही नव्हत्या. मला ते माहीत होतं. मी त्या शिवल्या होत्या. अजीजाची फी त्यातून भरली. आता तू सांग, उभं राहून "हे बरोबर नाही" म्हणायची माझी पाळी कधी येणार होती?

भित्री म्हणालीस. ते अजून गिळता येत नाही. कदाचित तेही खरं असेल.

दिवाळीपासून दुकानात येऊ नका असं कल्याणप्पा ह्यांना म्हणाला आहे. आमची काळजी करू नकोस, आणि पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर मनीऑर्डर परत येईल.

गाडी घे. तो तुझा नंबर आहे. सिकंदराबादला मी येणार नाही. सिस्टरना माझा सलाम सांग.

नसीम


उमरगा,
३० ऑक्टोबर १९६४

प्रिय नसीम,

तक्रार मागे घेतली नाही. पैसेही पाठवत नाही. तू सांगितलेलं सगळं ऐकलं, एक सोडून.

गाडी अठरा तारखेला घेतली. कल्याणप्पानं हार घातला आणि म्हणाला, "हाराचे पैसे घेतले न्हाईत हां बाई, लिवून घ्या." गफारभाई गल्ल्याशेजारी उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन माफी मागितली. सगळ्यांसमोर केलेल्या गोष्टीची माफी सगळ्यांसमोरच मागावी म्हणून. ते म्हणाले, "अरे बाई, किल्ली घट्ट फिरते, जपून." बस, एवढंच.

सोलापूर ते उमरगा टप उघडा टाकून आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबले होते, हेही सांगते. पाच मिनिटं. मग पुढे निघाले. चाळीस वर्षं जिची वाट बघितली ती गाडी हातात होती, रस्ता मोकळा होता, आणि मला सारखं कुठेतरी पोचायची घाई होती. शेजारच्या सीटवर माझी औषधांची पेटी होती. ती प्रत्येक वळणावर सरकायची आणि मी एका हातानं धरायची. नळदुर्गला थांबून चहा प्यायला उतरले, न पिताच पुन्हा बसले. गावात आल्यावर पोरं मागे धावली. कोंडाबाई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बरी हाय. पर दुसरं कोण बसणार हाय हितं?"

तू एक गोष्ट चुकीची लिहिलीस. अठ्ठेचाळीस साली मी दारात बसले ती धैर्यानं नाही. आत तू होतीस आणि मला आत येऊन तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून बाहेर बसले. त्याचं देणं कसलं?

दया आणि न्याय यांच्यात मला नेहमी न्याय सोपा वाटत आला. त्यात समोरच्याकडे नीट बघावं लागत नाही. त्या दिवशी मी वहीत मान घातलेल्या माणसाकडे बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. मला वाटलं, त्यानं हसायला हवं होतं.

ऐकत नाही ती एक गोष्ट ही. तेरा डिसेंबरला सकाळी मी सोलापूरला येईन. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आठ वाजता गाडी उभी करीन आणि नऊपर्यंत थांबेन. दार ठोठावणार नाही. तू आली नाहीस तर मी एकटी सिकंदराबादला जाणार नाही, उमरग्याला परत येईन.

तुझी,
लीला


सोलापूर,
६ डिसेंबर १९६४

अजीज लीला,

उशिरा लिहिते, कारण हाताला काम आहे.

ह्यांनी घरीच दोन कापडदुकानांची लिखापढी घेतली आहे. मी दारावर पाटी लावली नाही, पण शेजारणीनं सगळ्या गल्लीला सांगितलं की नसीमबी शिवते. परकर, पोरींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश. पैसे खोळींपेक्षा कमी, पुष्कळच कमी. अजीजाच्या शेवटच्या फीसाठी बांगडी मोडली. हे दया यावी म्हणून लिहीत नाही, विचारशील म्हणून लिहिते.

एक मजा सांगते. परवा एक बाई पोरीचा फ्रॉक घेऊन आली. बाही अर्धं बोट लांब झाली म्हणून दारात उभी राहून भांडली. "हे काय शिवणं झालं? माझ्या पोरीला हात आहेत का सोंडा?" मी उसवून पुन्हा शिवून दिला. ती पोरीला तिथंच घालून बघून, फिरवून बघून, मग गेली. ती गेल्यावर मला काय झालं कोण जाणे, मी मशीनवर बसून हसत सुटले. आठ वर्षं मी जे शिवलं ते कुणालाही नको होतं, लीला. कुणी घरी नेऊन फेकलं असेल, कुणी गोठ्यात अंथरलं असेल. एकानंही परत येऊन म्हटलं नाही की कड वाकडी आहे. त्यावर पहिल्यांदा बोललीस ती तू.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. थोडा आहे. तो गाडीत बोलू.

कारण तू तेरा तारखेला इकडं येऊ नकोस. उलटं नव्वद किलोमीटर यायचं, तासभर गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि सगळ्या मोहल्ल्यानं तुझ्या बिनटपाच्या गाडीभोवती जमायचं, हे मला नको. शिवाय तू येऊन मला उचलून नेणार, मग मी आयुष्यभर म्हणणार की लीलानं नेलं.

सकाळी सहाला उमरग्याची एस.टी. सुटते. मी काल स्टँडवर जाऊन विचारून आले. नळदुर्गच्या पुढं काय होईल मला माहीत नाही. खिडकीजवळ बसणार नाही. पण साडेनऊला उमरग्याच्या स्टँडवर उतरीन, अब्बांच्या गावात, माझ्या पायांनी, माझ्या तिकिटावर. तू तिथं असशील तर बरं. पण फाटकाबाहेर थांब, आत येऊ नकोस. बसमधून मला एकटीला उतरायचं आहे.

सिकंदराबादपर्यंतचं पेट्रोल अर्धं माझं. नाही म्हणालीस तर मी तिथूनच परतीची गाडी धरीन.

सुती सेट विकला. भवानी पेठेतल्या एका वकिलानं मागून घेतला, आणि भाव केला.

तुझी,
नसीम